बर्फ न घालता धुतलेला रोल

मंगळवार, संध्याकाळ

बाबांच्या फोटोंचा शेवटचा रोल आज मी माझ्या हातांनी घालवला. फिल्म धुवायचा नेहमीचा डेव्हलपर संपला, म्हणून नवा वापरला. जुना थंड करायला बंदरावरून मासळीचा बर्फ आणायचो. नव्याला बर्फ लागणार नाही, असं मी का धरून चाललो? कोमट पाण्यातच फिल्म धुतली. काळीठिक्कर निघाली. होडीवर हसणारे बाबा, जाळं ओढणारे बाबा, काही उरलं नाही. मूठभर बर्फ हवा होता, बस्स!

आई दारातून विचारते, "तेंचो फोटो इलो काय रे?" तेराव्याला लावायची फ्रेम तिच्या हातात.

"सुकता गो," म्हणालो.

लवकर सुकावा म्हणून तिने येऊन पंखा लावून दिला.