चांगुणाची ओ

सोमवार, ५ फेब्रुवारी १९७३
आले एकदाची श्रीरामपुरात! नगरहून एस.टी.ने येताना सारा रस्ता अण्णा उपदेश करत होते आणि मी शेंगा खात होते. लेकीला परिचारिकेची नोकरी लागली म्हणून त्यांचा ऊर भरून आलाय, पण कबूल करतील तर ते अण्णा कसले. शुश्रूषागृह गावाबाहेर आहे. बैठी कौलारू इमारत, लांब व्हरांडा, आणि आत अंथरुणाला खिळलेली म्हातारी माणसं. घरची सगळी दुष्काळी कामावर खडी फोडायला गेलेली, मग यांच्या उशाशी बसायचं कोणी? मुख्य परिचारिका शोभाताई कडक आहेत, पण हसतात छान. मला स्वतंत्र खोली मिळाली, खिडकीशी लिंब आहे. माझे दिवस इथे मजेत जाणार.

शुक्रवार, ९ फेब्रुवारी
कामात हात बसला. सकाळी अंग पुसणं, चादरी बदलणं, मग प्रत्येकाची कूस बदलून पाठीला पावडर. आळस केला तर बिचाऱ्यांची पाठ सोलून निघते. माझ्या वाट्याला पुणतांब्याच्या राहीबाई आल्या आहेत. त्या जेवत नाहीत. दिवसभर दाराकडे बघून हाक मारतात, "चांगुणेऽ". चांगुणा त्यांची लेक. फार वर्षांपूर्वी देवीच्या साथीत गेली. पोर घरात तापानं फणफणत आईला हाका मारत होती आणि ही दुसऱ्याच्या रानात खुरपत होती. पोचायला उशीर झाला. तेव्हापासून ही हाक मारते. ऐकून मला रडूच फुटलं.

दुपारी पेज घेऊन बसले, तर तोंड घट्ट मिटलेलं. तेवढ्यात हाक आली आणि मी सहज म्हणाले, "ओ." राहीबाईंनी वळून माझ्याकडे बघितलं आणि सगळी वाटी संपवली. शोभाताईंनी माझी पाठ थोपटली.

रविवार, ११ फेब्रुवारी
आमच्या आयाबाई, आक्काबाई, माझ्यावर फुरंगटल्या आहेत. म्हणाल्या, "ताई, मेल्या मान्साच्या नावाला ओ दिऊ न्हाई. ओ दिली की नाव अंगाला चिकटतं." मी म्हटलं, चिकटू दे, साबणानं घासून काढीन. त्या हसल्या नाहीत. राहीबाई मात्र आता दोन्ही वेळा पोटभर जेवतात. म्हातारी जगणार असेल तर मी दिवसभर ओ देत बसेन, माझं काय जातंय!

मंगळवार, २७ फेब्रुवारी
राहीबाई उठून बसतात, माझी वेणी घालून देतात. फार बरं वाटतं.

आज गोळी देताना मी त्यांना "पानी पी" म्हणाले. अण्णांनी ऐकलं असतं तर कानच उपटला असता. उभा जन्म मराठीच्या मास्तरकीत गेलाय त्यांचा.

शोभाताई चिडल्या होत्या. म्हणे, व्हरांड्यातून किती हाका मारल्या, बहिरी झालीस का? मला ऐकू आलं होतं. सुमेधा नावाच्या कुणाला तरी त्या बोलावताहेत, एवढं कळलंही होतं. ती मी, हे ध्यानातच आलं नाही. थकले असेन.

मंगळवार, ६ मार्च
राहीबाई गेल्या. दुपारी, माझ्या मांडीवर डोकं ठेवून, समाधानानं. "आली बाय माजी," एवढंच म्हणाल्या. मी खूप रडले. खरं सांगायचं तर सुटल्यासारखंही वाटलं. आता ती हाक थांबेल.

गुरुवार, ८ मार्च
थांबली नाही. भर दुपारी, रिकाम्या खाटेवरून. चादर मीच काढून नेलेली, नुसती गादी होती. मी तोंडावर हात दाबला, पण ओ आधीच निसटली होती. दारात आक्काबाई बादली घेऊन उभ्या होत्या. त्यांना हाक ऐकू आली नव्हती. माझी ओ ऐकू आली. बादली तिथंच ठेवून त्या निघून गेल्या.

बुधवार, १४ मार्च
मला भीती वाटते. फार भीती वाटते. गोदावरीच्या घाटावर धुणं धुतल्याचं आठवतंय — पुणतांब्याला मी जन्मात गेलेली नाही. अण्णांना पत्र टाकलंय, मला घरी न्या म्हणून. सही करताना हात अडला.

चांगुणा कधी शाळेत गेली नव्हती. राहीबाईच सांगायच्या, पोरीला अक्षर ठाऊक नव्हतं. म्हणून लिहिते आहे. लिहिता येतंय तोवर मी मीच आहे.

रविवार, १८ मार्च
अण्णा आले. व्हरांड्यात पिशवी घेऊन उभे होते. मी धावत गेले, अगदी पुढ्यात उभी राहिले. त्यांनी चष्मा पुसला. अदबीनं विचारलं — बाई, सुमेधा कुठं भेटेल? मी तिचा बाप.

अण्णा, मीच, म्हणायचं होतं —

तोंडातून आलं, "म्या न्हाई पाह्यली, बाबा."

शोभाताईही माझ्याकडं अनोळखी बाईकडं बघावं तसं बघत होत्या. सुमेधा सकाळपासून दिसली नाही म्हणाल्या. अण्णा दिवसभर शोधत फिरले. सुमे, सुमे — आवाज बसला त्यांचा. मी खांबाला टेकून सगळं ऐकत होते. ओ देता येईना.

सोमवार
बाहेर अजून हाका चालल्यात. त्यांची लेक हरवली म्हणं. बिचारं म्हातारं मानूस —

नाही. माझे अण्णा. माझे.

आई बोलावती हाय. जाणार नाही. आधी नाव लिहिते. नाव लिहिलं की —

सु

पुढचं अक्षर कसं