एकशेवीस सेकंद

१४ जाने., पलूस
माझा संशोधनाचा पेपर छापून आला. साताऱ्याहून गाइड सरांचा फोन: "सुप्रिया, मुलाखतीत हाच पुढे ठेव." सहा वर्षं तासिका तत्त्वावर शिकवतेय. कॉलेजात कायमची जागा एकच, मुलाखत २० फेब्रु.ला.
आमच्या सासरेबुवांना, आप्पांना, पेपरातला ब्लेझर पुन्हा समजावला. लांबच्या दीर्घिकेत कृष्णविवर, त्याचा झोत नेमका आपल्या दिशेला. "म्हंजी बॅटरी डोळ्यावर मारल्यागत." अगदी!

१७ जाने.
स्टँडसमोर फ्लेक्स. माझा लग्नातला फोटो, 'नवा तारा शोधल्याबद्दल अभिनंदन'. तारा नाही, आणि मी शोधलेलाही नाही. आप्पांचाच उद्योग. "लोकास्नी तारा कळतोय गं, बाकीचं न्हाई." हसून मुरकुंडी वळली.

२३ जाने.
थिसीससाठी कॉलेजच्या दुर्बिणीतून घेतलेल्या मूळ फ्रेम्स उघडल्या. ब्लेझर भडकला त्या चारही रात्री त्याच्या ठिपक्याच्या मधोमध एकच आकडा, ६५,५३५. कॅमेऱ्याला त्यापुढे मोजताच येत नाही.


२४ जाने.
पुन्हा पाहिलं. तेच.
दोन वर्षांपूर्वी तो मंद होता तेव्हा एक्स्पोजर १२० सेकंद ठरवलं. नंतर तो उजळत गेला, मी आकडा बदलला नाही. मापटं भरल्यावर वर कितीही ओता, माप तेवढंच. आणि आम्ही काय छापलं? उपग्रहांना गॅमा आणि क्ष-किरणांत भडका दिसला, दृश्य प्रकाश मात्र सपाट राहिला. सगळा पेपर त्या सपाट रेघेवर उभा. ती रेघ ब्लेझरची नाही, माझ्या आळसाची आहे.
सरांनी विचारलं होतं, "सॅच्युरेशन तपासलंस ना? कॅमेरा भरून गेला नाही ना?" मी हो म्हणाले होते. तपासलं नव्हतं. लाज वाटते.

३० जाने., सातारा
उंब्रजला एस.टी. पाऊण तास अडकली. तेवढ्यात बोलायचं सगळं पाठ करून झालं.
सरांनी सगळं ऐकून घेतलं. मग, "मुलाखत होऊ दे. नंतर बघू."
"पण सर..."
"पेपरवर माझंही नाव आहे."
आईला रहिमतपूरला येते म्हटलं होतं. गेले नाही, सरळ परत.

६ फेब्रु.
आप्पांना सांगून टाकलं. का, कोण जाणे.
"म्हंजी तू बगितलंच न्हाईस?"
नाही.
"आन् बगितलं म्हणून सांगितलंस?"
हो.
उठून गोठ्यात गेले. शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

९ फेब्रु.
फ्लेक्स तसाच. रोज त्याच्यासमोरून मान खाली घालून जाते. आप्पांना म्हटलं, उतरवा आता.
"मी बांदलाय. सोडायचा कवा, ते तू सांग."


१२ फेब्रु.
सकाळी उपग्रहवाल्यांची मेल. आपला ब्लेझर गॅमात पुन्हा भडकलाय, दृश्य प्रकाशातली निरीक्षणं हवीत. आकाश स्वच्छ.
एक्स्पोजर कमी ठेवलं आणि दृश्य प्रकाशही सोबत उजळलेला निघाला, तर मुलाखतीआधीच पेपर संपला. १२० ठेवलं तर पुन्हा तीच रेघ, विचारणारं कुणी नाही. सरांचा मेसेज: "सेटिंग नेहमीचंच ठेव."
दिवस मावळायच्या आत जेवून घेतलं. निघताना आप्पा दारात. सहा दिवसांत पहिल्यांदा आपणहून बोलले, "आज बगणार न्हवं?"
"बघणार."

कॉलेजची गच्ची. दुर्बिणीचा घुमट उघडलाय. १० सेकंद टाकलेत. पहिली फ्रेम उतरतेय.