सरळ हँडलची सायकल व माझी इतर मिळकत

लिहून ठेवणार मी, खाली सही करणारा, वय चौपन्न, धंदा वजनकाटे दुरुस्ती, शिक्षण थोडे शाळेत आणि बाकीचे काटे उघडून. आज सकाळी माझे डोके ताळ्यावर आहे, हात स्थिर आहे, आणि हा कागद मी स्वखुशीने, कोणाच्याही दडपणाशिवाय लिहीत आहे. पत्नीने दारातून दोनदा "अजून झालं नाही का?" असे विचारले, ते दडपण धरू नये. याआधी मी मृत्युपत्र केलेले नाही, त्यामुळे रद्द करण्यासारखेही काही नाही.

कारण असे की, परवा माझे हर्नियाचे ऑपरेशन आहे. डॉक्टर म्हणाले, "अहो, किरकोळ काम आहे." मी म्हणालो, "डॉक्टर, किरकोळ कामातच शेवटी एक स्क्रू उरतो." ते हसले. मी विनोद केला नव्हता. मरायची मला मुळीच घाई नाही, पण सगळे जिथल्या तिथे लावून मगच टेबलावर आडवे व्हावे, हा माझा स्वभाव आहे.

एक सूचना आधीच देतो. या कागदातल्या प्रत्येक शब्दाचा एकच अर्थ घ्यावा. एका शब्दाचे दोन अर्थ निघाल्यामुळे पत्नीचा धाकटा भाऊ सहा वर्षे या घराची पायरी चढलेला नाही. ते प्रकरण मला ऑपरेशनच्या आधी निकालात काढायचे आहे. ते कलम चारमध्ये येईल.

कलम १. राहते घर, खालच्या कामाच्या खोलीसह, पत्नीला. मागचे दार लावताना कडी धरून जरा वर उचलावे, ओढू नये. लग्न झाल्यापासून मी हे सांगत आहे आणि लग्न झाल्यापासून ती ओढत आहे. दार तिच्या नावावर झाल्यावर तिने खुशाल ओढावे. माझी हरकत तिथे संपली.

कलम २. बँकेतली शिल्लक निम्मी पत्नीला, निम्मी मुलीला. यावर जास्त लिहिण्यासारखे नाही. शिल्लकही तशीच आहे.

कलम ३. सर्व हत्यारे, कामाच्या बाकावरचा पकडीचा व्हाइस आणि पितळी वजनांची पेटी मुलीला. वजने चिमट्यानेच उचलावीत. बोटांचा घाम लागला की वजन खोटे बोलू लागते. मोठी चपटी कानस शेजारच्या शिंपीदादांना उसनी देऊ नये. त्यांनी एकदा त्या कानशीने रंगाचा डबा उघडला होता. मी त्यांच्या कात्रीने पत्रा कापला असता तर? शिंपीदादा या कागदाचे साक्षीदार आहेत, तेव्हा हे वाक्य त्यांच्यापर्यंत पोचले असे समजतो.

कलम ४. लाल रेसिंग सायकल, नग एक. हिचे मूळ हँडल मेंढ्याच्या शिंगांसारखे खाली वळलेले होते, हल्ली ते सरळ आहे. सायकल घेतली होती माझ्या शालकाने, म्हणजे वर सांगितलेल्या पत्नीच्या भावाने. गल्ली त्याला 'सुसाट' म्हणते. मग ती माझ्या मिळकतीत कशी, असे कोणीही विचारील, म्हणून खुलासा करतो.

सहा वर्षांपूर्वी तो हिच्यावरून गल्लीच्या वळणावर पडला. त्याला खरचटण्यापलीकडे काही झाले नाही, पण हँडल फिरले. पुढचे चाक नाकासमोर आणि हँडल शिंपीदादांच्या दुकानाकडे. सायकल हातात धरून तो इथे आला, जेवला. जेवताना बहिणीला म्हणाला, "ताई, या सायकलवर वाकून वाकून कंबरेचा काटा ढिला झालाय गं." काटा म्हटल्यावर माझे कान टवकारणारच. निघताना मला म्हणाला, "भावोजी, हँडल तेवढं सरळ करून ठेवा. महिन्याने येतो."

आता हे वाक्य शांतपणे वाचावे. फिरलेले हँडल जागेवर आणायचे म्हणजे चाक गुडघ्यांत धरायचे, एक बोल्ट सैल करायचा, हँडल फिरवायचे, बोल्ट आवळायचा. चहा निवायच्या आत होते. एवढ्यासाठी कोणी माझ्यासारख्याकडे महिनाभर सायकल टाकील? शिवाय कंबरेची तक्रार माझ्या देखत झालेली. तेव्हा मी 'सरळ'चा अर्थ सरळ घेतला. शिंगे काढायची आणि सरळ दांडा बसवायचा.

हे काम दिसते तेवढे सोपे नाही. वळलेल्या हँडलचा पाइप जाड, सरळ दांड्याचा बारीक, म्हणजे ब्रेकचे जुने लिव्हर गेले. नवे आणले तर त्यांत जुनी तार बसेना. जुन्या तारेचे डोके थेंबासारखे, नव्या लिव्हरला हवे छोट्या पिंपासारखे. तारा बदलल्या. मग लिव्हर दगडासारखा कडक झाला आणि चाक आपले फिरतेच आहे. दुकानदार म्हणे, "लिव्हर सगळे सारखेच." सारखे नसतात. काही तार जास्त ओढतात, काही कमी, आणि हिच्या ब्रेकला कमी ओढणारे लागतात. हे मला कोणी शिकवलेले नाही. मी लिव्हरना माझी वजने टांगली आणि तार किती सरकते ते पट्टी लावून पाहिले. सरळ दांड्यामुळे हात अंगाजवळ आले, बसणारा आरामखुर्चीत बसल्यासारखा दिसायला लागला, म्हणून हँडल धरणारी मान लांब घातली. दांडा शालकाच्या खांद्यांइतका कापला. खांद्यांचे माप त्याच्या जुन्या शर्टावरून शिंपीदादांनी काढून दिले, हेही नोंदवतो, म्हणजे मी एकतर्फी लिहितो असे कोणी म्हणायला नको. कापलेली टोके वर उल्लेखलेल्या कानशीने गोल केली. गियरच्या दांड्या फ्रेमवर होत्या, त्यांना हात लावला नाही. जे बरे चालले आहे त्याला मी हात लावत नाही. (याबाबत शालकाचे मत वेगळे आहे.)

तो महिन्याने आला. सायकलकडे बघतच राहिला.

"भावोजी, हे काय?"

"सरळ केलं."

"अहो, सरळ म्हणजे समोर! चाकाशी सरळ!"

"मग तसं सांगायचं."

"रेसची सायकल होती ती! तुम्ही तिची पोस्टमनची सायकल केलीत!"

"पोस्टमन पडत नाही वळणावर."

शेवटचे वाक्य माझे. ते चपखल होते, अजूनही वाटते. त्यावर तो माझी पत्नी, मुलगी व शिंपीदादा या तिघांदेखत म्हणाला, "ही माझी सायकल नाही!" आणि पायी निघून गेला. तिघा माणसांसमोर शुद्धीत केलेले हे विधान मी प्रमाण मानतो. सायकल त्याची नाही. तेव्हापासून तिला तेल मी दिले, हवा मी भरली. सबब ती माझी आहे आणि मी ती कोणालाही देऊ शकतो.

ती मी शालकालाच देतो. सोबत बाकाखालचे खोके. त्यात मूळ वळलेले हँडल, त्यावरची पट्टी न सोडता, जुने लिव्हर, जुन्या तारा आणि आखूड मान, सगळे तेल लावून गुंडाळलेले आहे. त्याला शिंगे परत हवी असतील तर त्याने बसवावीत. अट एकच. सायकल नेण्यासाठी त्याने घरात यावे आणि काम याच बाकावर करावे. सध्या तो फाटकाशी उभा राहून बहिणीला भेटतो, ती चहा तिथवर नेते, आणि तो पोचेपर्यंत निवतो. मी खिडकीतून पाहतो. मी नसल्यावर त्याला आत यायला संकोच वाटायचे कारण उरणार नाही.

कलम ५. साक्षीदार दोन लागतात. एक शिंपीदादा. दुसरा मी आणते, असे पत्नी म्हणाली आहे. कोण, ते तिने सांगितलेले नाही.

पुरवणी, त्याच दिवशी.

दुसरा साक्षीदार म्हणून पत्नीने तिच्या भावालाच आणले. तो सवयीने फाटकाशी थांबला. ती म्हणाली, "आज चहा आत आहे. गरम हवा असेल तर ये." आणि आत निघून आली. मागोमाग तोही आला.

मुलीने सर्वांना कागद मोठ्याने वाचून दाखवला. कानशीच्या कलमाला शिंपीदादांनी हरकत घेतली, ती फेटाळली. कलम चार शालकाने उभ्यानेच ऐकले. खोक्याचे वाक्य आल्यावर म्हणाला, "हँडल ठेवलंयत तुम्ही?"

"फेकायला ते काय केळ्याचं साल आहे?"

तो कोपऱ्यातल्या सायकलपाशी गेला. ब्रेक दाबला, सोडला, पुन्हा दाबला. मग सायकल बाहेर काढली आणि चहा तसाच टाकून गेला. पत्नीने माझ्याकडे असे पाहिले, जणू मीच पुन्हा काही केले. मी म्हणालो, "थांब जरा." तो त्याच वळणापर्यंत गेला, तिथे कचकन ब्रेक मारला, थांबला, आणि उलटा फिरून परत आला. कशी वाटली, असे मी विचारणार नव्हतो. तो आपणहून म्हणाला, "कंबर नाही दुखली."

पत्नी म्हणाली, "मग सहा वर्षं काय दुखत होतं?"

यावर आम्ही दोघांनीही चहा पिणे पसंत केले.

तेवढ्यात मुलगी म्हणाली, "बाबा, एक अडचण आहे. ज्याला मृत्युपत्रातून काही मिळतं, त्याने साक्षीदार होऊ नये. मामाला एक तर सायकल मिळेल, नाहीतर सही करता येईल."

शिंपीदादा म्हणाले, "दुसरं कोणी बघू का?"

"कशाला?" शालकाने माझ्या हातातले पेन घेतले. "माझीच सायकल मला कोण देणार? भावोजी, लिहा. ही माझी सायकल आहे."

"साक्षीदारांसमोर म्हणतोयस?"

"साक्षीदारांसमोर. सरळ म्हणतोय. आता याचा काय अर्थ घ्यायचा तो घ्या."

सबब कलम चार संपूर्ण रद्द. सायकल माझ्या मिळकतीत नव्हती व नाही. खोके मात्र त्याने नेले नाही. म्हणाला, "राहू दे बाकाखाली. बसवायला येईन कधीतरी." केव्हा ते सांगितले नाही, आणि बसवायचे आहे असेही मला वाटत नाही. परवा दवाखान्यात तो सायकलवरूनच येणार आहे.

स्थळ: माझी कामाची खोली, खिडकीजवळचा बाक
दिनांक: १४ मार्च, रविवार, दुपार

लिहून ठेवणार: (सही)

साक्षीदार एक: शेजारचे शिंपी (सही). कानस मी पुसून परत दिली होती.

साक्षीदार दोन: लिहून ठेवणाऱ्याचे शालक, लाल सायकलचे मालक (सही)

टीप: साक्षीदार दोनची सही रेघ सोडून तिरकी गेली आहे. ती तशीच राहू द्यावी. कोणी सरळ करू नये.