उद्याबघूचा हिरवा दिवा

ता. ३ फेब्रुवारी

ती. आईस,
शि. सा. न. वि. वि.

फोनवर आपण दोघी जेवणाची चौकशी करतो आणि गप्प बसतो, म्हणून लिहायला घेतलं. पत्रात निदान मध्येच कुणी फोन ठेवत नाही.

परवा संध्याकाळी ऑफिसातून निघताना मोबाइलवर माझी शेती बघत होते. दादा ज्यावरून चिडवायचा तोच खेळ, कोंबड्या पाळायचा आणि भोपळे लावायचा. बाजूला मित्रांची यादी असते. तिच्यात दादाच्या खेळातल्या नावापुढे एकदम हिरवा दिवा लागला. उद्याबघू आत्ता खेळत आहे, असं खाली आलं. दादाला जाऊन वर्ष होत आलं, आई. मी जिन्यातच बसले. शिपायाने पाणी आणून दिलं.

मग लक्षात आलं, की त्याचा गेमचा डबा तुझ्याच टीव्हीखाली आहे. काल पुन्हा दिवा लागला, आजही. काय करतेस तू त्यावर? तुला तर रिमोटच्या बॅटऱ्या बदलता येत नाहीत.

दुखणंखुपणं लपवू नकोस. माया आहेच, ती आटू देऊ नकोस.

तुझी,
बिट्टी


ता. ११ फेब्रुवारी

चि. बिट्टीस,
अनेक आशीर्वाद.

बॅटऱ्या मला येतात बदलता. दादा होता म्हणून येत नव्हत्या.

चष्म्याच्या दुकानातून आले की घर खायला उठतं. एकदा पुसता पुसता त्या डब्याचं बटण दाबलं गेलं आणि टीव्हीवर त्याचं नाव आलं. पुसायचं फडकं बाजूला ठेवून मी कंट्रोलर हातात घेतला, तो थेट त्याच्या मारामारीच्या खेळात जाऊन पडले. चौघांची टोळी असते, समोरच्या चौघांना गोळ्या घालायच्या. मला कुणाला गोळ्या घालायच्या नव्हत्या. तिथे एक पडकं घर आहे. वरच्या मजल्यावरच्या खिडकीतून नदी दिसते. मी तिथे जाऊन उभी राहिले.

त्याचा हेडफोन कानाला लावला होता, त्यातून कुणीतरी खेकसलं, की तू कोण आणि हे नाव कुठून उचललंस. मी सांगितलं, की मी त्याची आई. ते ऐकून आपले तिघंही खेळायचे थांबले, आणि तेवढ्यात मारले गेले.

तिघं गुणी आहेत. वाघोबा म्हणवतो तो आवाजावरून शेळी वाटतो. खलबत्ता ही मुलगी, नर्स आहे. तिसरा पेन्शनर, तो अजून कॉलेजात. रोज मला खिडकीपर्यंत पोचवतात आणि जिन्यात पहारा देतात. माझ्यामुळे रोज हरतात, पण हूं की चूं नाही. मला रडू येत नाही, हसूही येत नाही. अंगभर बधीर झाल्यासारखं वाटतं. त्या खिडकीत तेवढं ते खुपत नाही.

वेळेवर जेव. पत्राला पत्र लिहीत जा.

तुझी आई


ता. २० फेब्रुवारी

ती. आईस,
शि. सा. न.

वाघोबाला शेळी म्हटलंस तिथे हसले. पुढचं वाचून मात्र रागावू नकोस.

तो दिवा मला सोसत नाही. लागला की क्षणभर वाटतं, दादाच आहे. मग दादा पुन्हा नव्याने जातो. रोज.

आणखी एक. वाघोबाने मला निरोप धाडलाय. त्यांची मोठी स्पर्धा जवळ आली आहे. दादाची चौथी जागा त्यांनी इतके दिवस तशीच ठेवली. आता चांगला खेळणारा एकजण मिळालाय, पण दादाचं खातं बंद झाल्याशिवाय त्याला टोळीत घेता येत नाही, आणि ते त्या डब्यावरूनच बंद होतं. काकूंना सांगायचं कुणी, म्हणून तिघं एकमेकांची तोंडं बघताहेत. शेवटी मांजराच्या गळ्यात घंटा मीच बांधतेय.

बंद कर ते, आई. कुठली बटणं दाबायची ते मागच्या पानावर लिहिलंय. तुला नदीच बघायची तर माझ्या शेतीच्या खेळात ये. तिथेही नदी आहे, आणि गोळ्या नाहीत.

चुकलं असेल तर पदरात घे.

बिट्टी


ता. १ मार्च

चि. बिट्टीस,
अनेक आशीर्वाद.

राग कसला? पोरांनी सरळ सांगितलं असतं तरी चाललं असतं.

काल केलं. आज खिडकीत थांबणार नाही, असं त्यांना आधीच सांगितलं. पेन्शनर रडला असावा, नाक ओढल्याचा आवाज आला. वाघोबा म्हणाला, की काकूंनी दादाच्या वतीने एक तरी गोळी मारून जावं. मारली. छताला लागली. खलबत्ता म्हणाली, की नेम अगदी दादाच्या वळणावर गेलाय.

मग तू लिहिल्याप्रमाणे बटणं दाबत गेले. शेवटी डब्याने विचारलं, की नक्की का, हे परत मिळणार नाही. दवाखान्यात डॉक्टरांनी दादाचं श्वासाचं यंत्र काढायचं का असं विचारलं, तेव्हा मी तुझा हात धरला होता. काल हातात कंट्रोलर होता. हो म्हटलं. काही झालं नाही. पडदा निळा झाला. मी उठले आणि कपड्यांच्या घड्या घातल्या.

तुझी शेती मला नको. दिवसभर लोकांच्या काचा बसवायच्या आणि घरी येऊन कोंबड्यांना दाणे टाकायचे, एवढी हौस नाही मला. डबा कपाटात ठेवलाय. तुझ्या जिवाला आता स्वस्थता मिळो.

तुझी आई


ता. ९ मार्च

ती. आईस,
शि. सा. न.

यादीतून दादाचं नाव गेलं. मला हेच हवं होतं.

पहिले दोन दिवस बरं वाटलं. परवा संध्याकाळी फोन हातात घेऊन बसले होते आणि कशाची वाट बघतेय ते मलाच कळेना. मग कळलं. तो दिवा तू लावत होतीस. लागला की मला समजायचं, तू दुकानातून घरी पोचलीस, चहा घेतलास, बसलीस. उशीर झाला की माझा जीव खालीवर व्हायचा. पत्रात मात्र मी दादाचंच लिहीत राहिले.

आता तू घरी आलीस की नाही, मला कळत नाही. फोनवर बरी आहे म्हणतेस, पण ते तू तापातही म्हणतेस.

डबा कपाटातून काढ. नवं खातं उघड, हवं ते नाव घे. शेती करू नकोस, कुणाला मारूही नकोस, मिळेल त्या खिडकीत उभी राहा. घरी आलीस की फक्त दिवा लाव. मी यादी उघडून बसलेय.

तुझी,
बिट्टी