पालथी पायरी

टेबर हिल, व्हर्माँट
९ मार्च १८९६

चि. लोविनास केझायाताईचे अनेक आशीर्वाद, वि. वि.

तुझं पत्र पोचलं. मॅपलचा रस कढईत उकळतोय, हात चिकट आहेत, म्हणून कागदाला डाग. टिमथी गेल्याचं वाचून वाईट वाटलं. कॅथलिक असला तरी तुला नीट सांभाळलं त्याने.

पण खापरपणजोबा जोथम व्हिटकम लढाईवरून घरी परतला का, हे मी कुठून शोधू? अर्धं गवत कापायचं टाकून गावच्या फौजेबरोबर इंग्रजांवर गेला, एवढंच सगळ्यांना ठाऊक. कुणी म्हणतं पडला, कुणी म्हणतं पळाला. तरी तुझ्यासाठी गुडघाभर बर्फात स्मशानात जाऊन आले. त्याच्या बायकोचा, डॉर्कसचा दगड आहे. शेजारी शेतातला एक ओबडधोबड धोंडा, त्यावर नाव ना गाव. आता यातून काय ते समज.

बाबा ऐंशीचे झाले. तुझं नाव अजून घरात काढत नाहीत. मी काढते, तेव्हा बहिरे होतात.

लोभ आहेच, तो लिहायला शाई घालवत नाही.
केझाया


कॅन्सस
३० मार्च १८९६

ती. केझायाताईस सा. न. वि. वि.

ताई, रागावू नकोस. इथे नजर जाईल तिथवर गवत. शेतातून दगड वेचताना आपण किती शिव्या घालायचो, आता एखादा दगड दिसावा म्हणून डोळे आसुसतात. आपली स्वयंपाकघरापुढची पायरी तर स्वप्नात येते. उन्हात तिच्यावर बसून आपण वाटाणे सोलायचो आणि बाबा आत येणाऱ्या प्रत्येकाला म्हणायचे, की व्हिटकमांनो, आपापल्या थडग्यावर बूट पुसा. का म्हणायचे, देव जाणे.

त्याच पायरीवर उभी होते, तेव्हा बाबा म्हणाले की कॅथलिकाशी लग्न करणारी लोविना आम्हाला मेली. एकोणीस वर्षं झाली. म्हणून विचारते गं, जोथम परतला का? आपल्या घरात गेलेलं माणूस कधी परत आलंय का?

दुरूनच का होईना, माया ठेव.
तुझी लोविना


टेबर हिल
४ मे १८९६

चि. लोविनास आशीर्वाद, वि. वि.

आधी खाली बस, मग वाच.

यंदा थंडीने जमीन फुगून पायरी उचलली गेली. दोनदा ठेचकाळले, तेव्हा कुठे आमचे एनोस पहार घेऊन उठले. दगड उलटला तर खालच्या अंगाला अक्षरं! मातीने बुजलेली, मला लागेनात, एनोसनी पुसून वाचलं. जोथम व्हिटकम, स्वातंत्र्याच्या लढाईत पडला, सन १७७७.

मी म्हटलं, संपलं, मेलाच तो. मग आठवलं, स्मशानात डॉर्कसच्या पायथ्याशी तिच्या धाकट्या लेकीचा दगड आहे, जन्म १७७९. म्हणजे एक तर आपली खापरपणजी तसली होती, नाही तर नवरा घरी आला होता. एनोस हसू लागले, त्यांना गप्प केलं.

बाबांना हाताला धरून आणलं. त्यांनी बोटांनी एकेक अक्षर चाचपलं. म्हणाले, त्यांची आजी बुटांचं ते वाक्य म्हणायची, तिला ते डॉर्कसने शिकवलेलं. आज अर्थ कळला. बिचारीने कुणाच्या तरी सांगण्यावरून दगड कोरून घेतला, आणि मेलेला नवरा दारात उभा. मग तिने दगड पालथा घातला आणि त्याला म्हणाली असेल, की पूस बूट आणि ये आत. खरा मेला तेव्हा तो नुसता धोंडा ठेवला. दोनदा कोण कोरून घेतं?

एनोस म्हणाले, अक्षरं वर ठेवू, लोक बघायला येतील. बाबा म्हणाले, नाही, डॉर्कसने ठेवला तसाच पालथा ठेव. आणि नीट बसव, हलता कामा नये.

एवढं बोलून आत निघाले. दारातून मागे वळले. म्हणाले, कॅन्ससचा चिखल भारी चिकट असतो म्हणे. लोविनाला कळव, बूट पुसून आत ये.

वाटाणे जूनअखेर सोलायला येतील. एकटीने सोलायचा मला कंटाळा आहे.

केझाया