दोन नळ्या आणि एक उजवा खांदा

क्वागाव्लेई, ऑलडेजजवळ
जूनचा दुसरा सोमवार

आदरणीय फान काका,

तुमच्या पुतणीचा नवरा बेरेंड याचा, उजवा खांदा वगळून उरलेल्या सर्वांगाने नमस्कार. खांद्यानेही केला असता, पण शनिवारपासून तो माझं ऐकत नाही. तुमचे गुडघे कसे आहेत? समुद्राची हवा मानवते का? आणि तुमची लेक कॉफीत किती चमचे साखर घालू देते? (एल्सबेट म्हणते, एकच. मी म्हणतो, साखरेचा डबा कुठे असतो हे काकांनी पहिल्याच आठवड्यात शोधून काढलं असणार.) आमचं इकडे ठीक चाललंय. पाऊस नाही, पण बोअरला पाणी आहे, आणि कुडू हरणं कुंपणावरून उडी मारून एल्सबेटचा पालक नियमित खातात. हे सगळं फोनवर सांगता आलं असतं. पण चाळीस वर्षं कानाशी तोफ उडवलेल्या माणसाशी फोनवर बोलायचं म्हणजे ते अख्ख्या हर्मानस गावाला ऐकवायचं, आणि या पत्रातला थोडा भाग अख्ख्या हर्मानसने ऐकावा असा नाही. तो कुठला, ते तुम्हाला वाचताना कळेल.

शनिवारच्या परीक्षेबद्दल हेस्टर आत्यांचं कार्ड तुम्हाला माझ्याआधी पोचेल. त्यात जे असेल ते खरंच असेल. पण खरं सांगायलाही थोडी जागा लागते, आणि तुमची बहीण पोस्टकार्डावर लिहिते.

तुमची अट मी वर्कशॉपच्या भिंतीवर चिकटवून ठेवली होती. आजोबांची पाचशे सत्त्याहत्तर कॅलिबरची दुनळी बंदूक त्याला मिळेल, जो ती उभ्याने, नुसत्या शर्टावर, उघड्या लाकडी दस्त्याने (म्हणजे धक्का मऊ करणारं रबर मागे न लावता), दोन्ही नळ्या एकामागून एक झाडेल आणि मागे पाऊल टाकणार नाही. खाली तुम्ही लिहिलं होतं, ‘मी चाळीस वर्षं असंच केलं. रबर चपलांना लावतात.’ उमेदवार दोन. एक तुमचा सख्खा पुतण्या वेसल, म्हणजे माझा मेहुणा, आणि दुसरा मी.

तुम्ही म्हणाल, पंप दुरुस्त करणाऱ्याला हत्तीची बंदूक कशाला? काका, मी या भागात आलो तेव्हा माझ्याजवळ एक पान्ह्यांची पेटी आणि दीड बूट होता. आज इथून लिम्पोपो नदीपर्यंत दोनशे पवनचक्क्या माझ्या हातच्या फिरतात. लग्नाला तेवीस वर्षं झाली, तरी तुमच्या घराण्यात माझी ओळख करून देतात ती ‘एल्सबेटचा पंपवाला’ अशीच. ख्रिसमसला जेवणं झाली की पुरुष मंडळी ती दुनळी हातोहात फिरवतात, प्रत्येक जण खांद्याला लावून बघतो, आणि माझ्यापर्यंत आली की कोणीतरी म्हणतं, ‘बेरेंड, जरा तेल लावून ठेवतोस का?’ मी लावतो. वाईट वाटून घेण्यासारखं त्यात काही नाही, तेल मी चांगलं लावतो. पण एकदा स्वतःच्या बंदुकीला लावावं असं वाटतं, एवढंच.

म्हणून मार्चपासून तयारीला लागलो. शेजाऱ्याची चारशे अठ्ठावन्नची बंदूक मागून आणली आणि (हसू नका) टेबलावर वाळूच्या पिशव्या रचून, खुर्चीत बसून झाडली. वाटलं, बसलो की पडायचा प्रश्नच नाही. उभा माणूस धक्का बसला की वेताच्या छडीसारखा मागे लवतो आणि परत येतो. बसलेल्याला लवायला जागा नसते, तेव्हा सगळा धक्का मणक्यांमधून खाली खुर्चीत उतरतो. खुर्ची गेली. (एल्सबेटच्या आईची होती.) शिवाय त्या बंदुकीवर दुर्बीण होती आणि मी तिच्यात डोळा घालून बसलो होतो, त्यामुळे उजव्या भुवईवर अर्धा चंद्र उगवला. रविवारी चर्चबाहेर पाद्रीसाहेबांनी माझी भुवई पाहिली, मग एल्सबेटकडे पाहिलं, आणि हळूच विचारलं, ‘घरी सगळं बरं आहे ना?’ तर तुमची पुतणी म्हणते, ‘मी नाही मारलं, पाद्रीसाहेब. बंदुकीचा नंबर आधी होता.’

त्यानंतर मात्र शहाणा झालो. डावा पाय पुढे, वजन त्याच्यावर, डाव्या हाताची पकड वांड वासराला धरतात तशी, आणि दस्ता खांद्याच्या खळग्यात असा दाबून की बंदूक आणि आपण एकाच आईची लेकरं. सैल धरली की ती आधी धावत येते आणि मग मारते. हे सगळं तुम्हाला मी सांगावं हे म्हणजे जरा आगाऊपणाचंच आहे, पण मी काय काय शिकलो याची नोंद निकाल देणाऱ्याकडे असलेली बरी.

परीक्षेच्या आधीचा आठवडाभर बंदूक माझ्याच वर्कशॉपमध्ये होती. नळीच्या टोकावरची नेमाची माशी ढिली झाली होती, ती बसवायला आत्यांनीच आणून दिली. मी माशी बसवली, नळ्या पुसल्या, दस्त्याच्या मागच्या टोकाभोवतीच्या हत्तीच्या कातड्याच्या पट्टीलाही तेल लावलं. (आजोबांच्या पहिल्या हत्तीचं कातडं. तुमच्या घरात लोक त्या पट्टीसमोर आवाज खाली आणून बोलतात.)

शनिवारी सकाळी आम्ही आत्यांच्या घराखालच्या कोरड्या नदीत जमलो. चाळीस पावलांवर मी माझ्या एका म्हाताऱ्या पवनचक्कीच्या शेपटीचा पत्रा उभा केला होता. आत्या खोक्यावर बसल्या होत्या, मांडीवर दुनळी आणि खिशात काडतुसं. एल्सबेटने मागे घडीच्या टेबलावर बटाट्याचं सॅलड मांडलं होतं. चिठ्ठी टाकली, वेसलचा नंबर पहिला आला. तो आता एकशे अठरा किलो भरतो आणि त्यातला प्रत्येक किलो बोलतो.

‘पंपवाल्या, बघून ठेव,’ तो म्हणाला. ‘इथं खांदा लागतो, वायसर नाही.’

‘बघतोय. तुझ्या पाठीमागे सॅलड आहे, तेवढं तूही बघून ठेव.’

‘मागे जातंय कोण?’

दिसायला तो फार छान उभा राहिला, काका. चर्चच्या खांबासारखा. चूक तीच झाली, कारण खांब लवत नाही. आणि पकड ठेवली ढिली. दोन नळ्यांच्या दोन चापांपैकी पुढचा ओढला, बंदूक मागे आली, आणि त्याचं बोट पुढच्या चापावरून निसटून मागच्यावर आपटलं. दोन्ही नळ्या एकदम उडाल्या. असा आवाज मी एकदाच ऐकला होता, बोअरमध्ये दीडशे फूट पाइप सुटून खाली गेला तेव्हा. धूळ बसली तेव्हा वेसल बटाट्याच्या सॅलडमध्ये बसला होता, दुनळी दोन्ही हातांत नीट धरून, आणि चेहऱ्यावर भाव असा की जणू इथेच बसायचं ठरलं होतं.

‘पाय हलला नाही,’ हे त्याचे पहिले शब्द. आणि हे खरं होतं. बुटांचे ठसे जिथल्या तिथे होते, फक्त त्यांच्यात आता नुसत्या टाचा टेकलेल्या होत्या.

‘पाय नाही हलला,’ आत्या म्हणाल्या. ‘बाकी तू सगळा हललास.’ मग त्यांनी टेबलावरच्या मार्ताकाकूंच्या फुटक्या वाडग्याकडे पाहिलं. ‘आणि वाडगा फोडलास तो मार्ताचा. झालं. ती असती तर मला पुन्हा ऐकावं लागलं असतं. एकाहत्तरच्या थंडीत तिची शेकायची लाल रबरी पिशवी हरवली, ती हेस्टरनेच लांबवली म्हणून दोन वर्षं बोलली नाही माझ्याशी. मरेपर्यंत तेच. नेली नव्हती मी.’

‘माहीत आहे, आत्या,’ एल्सबेट म्हणाली. हे त्या घरात दर ख्रिसमसला म्हणावं लागतं.

मग माझी पाळी. तुम्हाला आठवतच असेल, नव्या माणसाची परीक्षा घेताना काडतुसं दुसऱ्याने भरायची, आणि झाडणाऱ्याने तोंड फिरवून उभं राहायचं. मधेच एखादं रिकामं घालतात, म्हणजे चाप ओढला की नुसती ‘टक्’ होते आणि माणूस धक्क्याच्या आधीच दचकतो की नाही हे सगळ्यांना दिसतं. आता माझं भांडवल म्हणजे माझे कान. तुम्ही शिकारी मंडळी कानात काही घालत नाही. मी झाडताना बोळे घालतो आणि लगेच काढतो, कारण ऐंशी मीटर खाली पंपाचा वायसर झिजलाय हे मला वर दांडीला कान लावून कळतं आणि त्यावरच आमचं घर चालतं. तेव्हा पितळ नळीत उतरताना भरलेलं काडतूस कसं वाजतं आणि रिकामं कसं, हे न कळायला मी काय शिकारी आहे? उजव्या नळीत ‘टिंग’ झालं. रिकामं. डाव्या नळीच्या वेळी नेमका आत्यांना खोकला आला. पण मी हिशेब केला, दोन्ही रिकामी कोण घालेल, डावं भरलेलंच असणार.

पुढचा, म्हणजे उजव्या नळीचा, चाप ओढला. टक्. माझी पापणीसुद्धा हलली नाही. वेसल सॅलड पुसायचा थांबला. एल्सबेटच्या चेहऱ्यावर तेवीस वर्षांत प्रथमच माझ्याबद्दल काहीतरी उमटलं. तेवढ्या जोरावर मी मागच्या चापाला बोट लावलं, दात आवळले, डोळे मिटले, सगळं वजन पुढे टाकलं आणि ओढला.

टक्.

काका, एका हत्तीच्या बंदुकीला अडवायला जेवढा जोर लागतो तेवढा मी लावला होता, आणि अडवायला समोरून कोणी आलंच नाही. मी तीन पावलं पुढे धावलो आणि गुडघ्यांवर वाळूत थांबलो. वेसल इतका हसला की त्याला बरगड्या धरून बसावं लागलं.

‘बेरेंड,’ आत्या म्हणाल्या, ‘तुझे कान मला तुझ्या लग्नापासून ठाऊक आहेत. म्हणून तर खोकले.’ आणि खिशातून खरी काडतुसं काढून, माझ्या डोळ्यांसमोर, दोन्ही नळ्यांत घातली.

यानंतर जे झालं ते थोडक्यात सांगतो, कारण ते खरोखर थोडक्यात झालं. पहिली नळी उडाली तेव्हा जिल्ह्यातल्या सगळ्या पवनचक्क्या माझ्या उजव्या खांद्यावर कोसळल्या. मी मागे लवलो, परत आलो, बोट नीट उचलून मागच्या चापावर नेलं, आणि दुसरी झाडली. पत्र्याला दोन भोकं, वितीभर अंतरावर. मागे एकही पाऊल नाही.

‘तीन पावलं टाकली की त्याने,’ वेसल म्हणाला.

‘पुढे,’ मी म्हटलं. ‘आणि तीही रिकाम्या बंदुकीला.’

‘मी तर एकही नाही टाकलं. ना पुढे, ना मागे.’

‘दोघंही बरोबर आहात,’ आत्यांनी दुनळी मिटली. ‘फानला ठरवू दे.’

तेव्हा निकाल तुमच्या हातात आहे. वेसल रक्ताचा आहे, त्याचं वजन तुमच्या मनात असणारच, आणि मी तुम्हाला काही सुचवणार नाही. जे ठरवाल ते मान्य. अक्षर वाकडं आहे कारण हात डावा आहे. माणूस सरळच आहे.

तुमचा,
बेरेंड

ता. क. ‘उघड्या लाकडी दस्त्याने’ या अटीबाबत एक बारीकशी गोष्ट राहिली. बंदूक वर्कशॉपमध्ये असताना, रविवारी दुपारी, सगळे जेवून झोपले होते तेव्हा मी दस्ता कापला. (रविवारी करवत चालवली हे पाद्रीसाहेबांना कळवू नये.) मागचं बोटभर लाकूड अलगद काढायचं, मध्ये पंपाचं रबर घालायचं, लाकूड परत चिकटवायचं, असा बेत होता. सांधा दिसू नये म्हणून नेमका त्या हत्तीच्या कातड्याच्या पट्टीखालीच काप घेतला. त्याहून चांगली जागा दस्त्यावर नाही, हे तुमच्याइतकं कोणाला ठाऊक असणार?

ता. क. दुसरा. करवत लाकडात गेलीच नाही, काका. लोण्यात जावी तशी गेली. तिथे आधीच कोणीतरी सांधा केलेला होता, माझ्याहून सुबक, आणि आत तीन पदरी लाल रबर होतं. बिस्किटासारखं कडक झालेलं, पण एका कोपऱ्यावर शाईने लिहिलेलं ‘मार्ता’ स्वच्छ वाचता येतं. काकू इस्पितळात जाताना आपल्या वस्तूंवर नाव घालत, तसं. मी जुनं काढून नवं रबर घातलं, लाकूड बसवलं, पट्टी ओढली. लाकडावर कोरलेली आजोबांची आद्याक्षरं जिथल्या तिथे आहेत. तेव्हा शनिवारी वेसलने आणि मी दोघांनीही, अगदी तुमच्यासारख्याच, उघड्या लाकडाने गोळ्या झाडल्या. ख्रिसमसला तुम्ही आलात की तुम्हीही दोन झाडा. पूर्वीपेक्षा मऊ लागेल.

ता. क. तिसरा. निकाल शक्यतो या आठवड्यातच कळवा. आत्यांना यातलं काही बोललेलो नाही, आणि बोलायची वेळ येईल असं मला वाटत नाही. त्या लाल पिशवीचा नावाचा तुकडा माझ्या पान्ह्यांच्या पेटीत जपून ठेवलाय. उरलेले दोन या पाकिटात घातलेत. पाकीट पोस्टात टाकायला आत्याच निघाल्या आहेत. हातात घेऊन दाबून पाहिलं आणि विचारलं, ‘इतकं जाड काय घातलंस?’ मी म्हटलं, ‘काकांचे गुडघे दुखतात ना. शेकायला काहीतरी.’