मागे पत्नी आहे अशी नोंद करण्याबाबत

प्रति,
मा. कार्यवाह,
मराठी तीर्थविधी न्यास,
संकठा घाट, वाराणसी.

विषय: कै. सुमंत आठल्ये यांनी स्वहस्ते केलेली चुकीची नोंद दुरुस्त करून त्यांच्या वर्षश्राद्धास परवानगी मिळणेबाबत.
संदर्भ: आपल्या कार्यालयाने गुरुवारी खिडकीतून दिलेले तोंडी उत्तर.

महोदय,

अर्जदार शरदिनी सुमंत आठल्ये, वय ६८, राहणार राजा घाटामागील गल्ली, सविनय कळविते की, तिचे यजमान, रेल्वेतून निवृत्त, गेल्या पौषात वारले. वर्षश्राद्धासाठी त्यांचे नाव नोंदवायला ती आली असता, यजमानांनी १४ नोव्हेंबर २०२२ रोजी आपले श्राद्ध आपणच, जिवंतपणी, न्यासात उरकून घेतले आहे, सबब पुन्हा करण्याची गरज नाही, असे तिला सांगण्यात आले. पुरावा म्हणून रजिस्टर दाखविले. त्यातील 'कारण' या रकान्यात त्यांच्याच वळणदार अक्षरात लिहिले आहे: 'मागे कोणी नाही.'

याबाबत अर्जदाराचे म्हणणे असे:

१. मूलबाळ नाही हे खरे. पत्नी होती. त्या सकाळी तिनेच त्यांच्या शर्टाला इस्त्री करून दिली, कारण बँकेत हयातीचा दाखला द्यायला जातो असे ते म्हणाले होते. दुपारी डोके भादरून परतले. विचारले तर म्हणाले, उकडत होते. नोव्हेंबरात. अर्जदार त्यांना हसली. पित्त झाले म्हणून जेवले नाहीत, तेव्हा तिने कोकमाचे सार करून दिले.

२. विधी सांगणारे शिवरामगुरुजी दर संकष्टीला अर्जदाराच्या हातचे मोदक खातात. यजमान जाईपर्यंतच्या चौदा महिन्यांत त्यांनी अवाक्षर काढले नाही. आता म्हणतात, "तुम्हाला त्रास नको म्हणून केलं हो त्यांनी." एक्केचाळीस वर्षांच्या संसारात शेवटचे चार महिने त्यांची कूससुद्धा अर्जदार बदलून देत होती. त्याला ती त्रास म्हणाली नव्हती.

३. आपले लिपिक श्री. केयूर यांचे म्हणणे, "काकू, ज्यांची साइन आहे तेच काटू शकतात. त्यांना घेऊन या." अर्जदाराने त्यांना मणिकर्णिकेवर पोचविले आहे. तरीही न्यासाने त्यांना नोटीस काढून बोलाविल्यास ती वेळेवर हजर राहील. तिलाही त्यांना विचारायचे आहे.

महोदय, अर्जदार वर्षभर त्यांच्यासाठी रडली. गुरुवारपासून रडू येते ते रागाने येते. परक्या माणसांच्या रजिस्टरात लिहून देताना त्यांच्या लेखी मी कोणीच नव्हते.

तरी सदर ओळ खोडून 'पत्नी आहे' असे लिहावे व श्राद्ध अर्जदाराच्या हातून होऊ द्यावे. नियमात बसत नसल्यास अर्जदाराला तिच्या स्वतःच्या श्राद्धासाठी पौषातलीच तारीख द्यावी. त्या रकान्यात तीही 'मागे कोणी नाही' असेच लिहील. तिचे मात्र खरे असेल.

उत्तराची वाट पाहणारी,
कै. सुमंत आठल्ये यांची पत्नी
(शरदिनी आठल्ये)

दि. ९ डिसेंबर २०२४

सोबत: १) मृत्यूचा दाखला २) लग्नाचा दाखला